एका नळीत किती तेल

आमच्या घरी दोन म्हशी होत्या. माय सकाळी दूध काढून स्टेशनच्या बाजूच्या सात-आठ घरी नेऊन घालायची. तिच्याजवळ पितळेचं पावाचं माप होतं, पाव लिटरचं, लांब दांडीचं. ते काठोकाठ भरून ती गिऱ्हाइकाच्या भांड्यात ओतायची, आणि मग मापाच्या तळाला राहील इतकं दूध पुन्हा घेऊन वरून टाकायची. त्याला आम्ही ‘वरचं’ म्हणायचो. वरचं टाकल्याशिवाय माय कोणाच्या दारातून उठली नाही. पाण्याचा थेंब घालायचा नाही आणि वरचं चुकवायचं नाही, एवढीच आमच्या घराची ऐट होती. बाबा रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये होते, ते मी लहान असतानाच गेले. मागे राहिलं ते हे माप आणि मायचा ताठा, आणि तो ताठा माझ्यात जरा जास्तच उतरला. संत्र्याच्या बाजारात पाहावं तर तिथेही तीच रीत, शेकडा मोजून झाला की वर पाच-सहा फळं टाकायची, नाही टाकली तर देणारा माणूस हलका. अशात मी वाढलो. बरोबर मापून दिलं म्हणजे कमीच दिलं, असं मला मनापासून वाटायचं.

चौथीत मास्तरांनी छडी उगारली, मी ती हातात धरली, आणि त्या दिवसापासून शाळेत गेलो नाही. मायनं दोन दिवस भाकर दिली नाही, तरी गेलो नाही. मराठी वाचता येत होतं, आकडे येत होते. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं आणि त्याची मला लाजही नव्हती. सतराव्या वर्षापासून सकाळी कापसाच्या जिनिंगचा भोंगा झाला की मी जवसाची चटणी आणि भाकर फडक्यात बांधून उस्तादांच्या फटफटी दुरुस्तीच्या दुकानात जायचो. दुकान म्हणजे बाजाराच्या रस्त्यावर कडुनिंबाखाली चार पत्रे, आणि समोर गिऱ्हाइकाला बसायला रेल्वेच्या रुळाखालचा जुना लाकडी स्लीपर. उस्तादांना सगळे उस्तादच म्हणायचे. ते गाडीला हात लावायच्या आधी तिचं ऐकायचे. कान इंजिनाकडे करून, डोळे मिटून उभे राहायचे, आणि नुसतं “वॉल्व” किंवा “चेन” एवढं बोलायचे. आता आमचा पांढुर्णा जिल्हा झाला, नव्या गाड्यांचं शोरूम झालं, तिथली पोरं गाडीला वायर लावून तिचा रोग पाहतात. पाहू देत. मी त्यांना नावं ठेवत नाही, पण उस्तादांसारखं गाडीसमोर डोळे मिटून उभं राहिलेलं माणूस मी नंतर पाहिलं नाही.

त्या हिवाळ्यात उस्ताद डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले. जाताना मला म्हणाले, “प्लग, चेन, क्लचप्लेट, टायर, सारं कर. समोरचे शॉकप खोलू नको. ते मी आल्यावर.”

मी म्हटलं, “काऊन? मी पाह्यलं न तुमचं शंभर वेळा.”

“पाह्यलं. आयकलं नाई अजून.”

हे मला लागलं. तीन वर्षं त्यांच्याजवळ होतो, वीस वर्षांचा होत आलो होतो, आणि अजून शॉकपला हात नाही. फटफटीचे समोरचे शॉकप म्हणजे दोन नळ्या, त्यात स्प्रिंग आणि मापाचं तेल, एवढंच तर आहे. ते तेल मापायला उस्तादांजवळ दारूची एक चपटी बाटली होती. कोणाची, कधीची, माहीत नाही, ते स्वतः पीत नव्हते. तिच्यावर त्यांनी कानशीनं एक रेघ ओढली होती. रेघेपर्यंत भरलेली एक बाटली एका नळीत, दुसरी दुसऱ्या नळीत, झालं. ती बाटली उस्ताद गेल्याच्या दुसऱ्या दिवशी झाडलोट करताना माझ्या हातून फुटली. काचा मी नालीत टाकल्या आणि विसरून गेलो.

माझी मोठी बहीण कौसल्या, तिला आम्ही कौसाबाई म्हणायचो, मोहगावला दिली होती. भाऊजी तिथल्या शाळेत मास्तर. सावकाश बोलणारा, धोतराला डाग पडू न देणारा माणूस. त्यांनी फटफटी घेतली तेव्हा सगळ्या मोहगावला नवल वाटलं होतं. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर ते दुकानात आले. स्लीपरवर संत्र्याचे दोन दलाल आपल्या गाडीचं पंक्चर निघायची वाट पाहत बसले होते.

भाऊजी म्हणाले, “मधुकर, समोरून फार आपटते रे. खड्डा आला की खांद्यापर्यंत ठोका येतो. उस्ताद केव्हा येतील?”

मी बोलायच्या आधी एक दलाल बोलला, “पंधरा दिवस येत नाई मास्तर. हा हाय न छोटा उस्ताद. पण शॉकप खोलाची याले परवानगी नाई म्हणते.”

दुसरा म्हणाला, “प्लग लय मस्त पुसते पण.”

दोघं हसले. मी पाना उचलला. म्हटलं, “ठेवा भाऊजी गाडी. अर्ध्या घंट्यात देतो.”

भाऊजींनी गाडीच्या डिक्कीतून तिचं पुस्तक काढलं. कंपनीचं, इंग्रजीतलं. म्हणाले, “किती तेल टाकायचं ते यात लिहून आहे. वाचून दाखवू का?”

दलाल माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, “भाऊजी, तुमी पोरं शिकवा. गाडी मी पाहून राहिलो.” स्लीपरवर पुन्हा हसणं झालं, पण या वेळी भाऊजींवर. भाऊजींनी पुस्तक आपल्या पिशवीत घातलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. आजही कोणी माझ्यासमोर असा हात मागे बांधून उभा राहिला की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

चपटी नव्हती. घर दोनशे पावलांवर. मी जाऊन मायचं पावाचं माप घेऊन आलो. चपटी आणि माप, डोळ्याला दोन्ही सारखीच दिसायची. जुनं तेल नळीच्या खालच्या स्क्रूतून सोडलं. ते अजून ठिबकत होतं, पण लोक पाहत होते, म्हणून स्क्रू घट्ट केला. वरून माप काठोकाठ भरून ओतलं. मग हात थांबला नाही. भाऊजींची गाडी, घरचं माणूस, त्यांना मोजून कसं द्यायचं? वरचं टाकलं. दुसऱ्या नळीतही तसंच. हँडल दाबून पाहिलं तर टणक लागलं. मला वाटलं, नवी झाली गाडी. दलालांकडे पाहून मी हात पुसले. भाऊजी निघून गेले, आणि मी त्या दिवशी घरी जाऊन मायला वांग्याची भाजी करायला लावली.

रविवारी दुपारी सौसरच्या बसचा कंडक्टर दुकानासमोर उतरून म्हणाला, “मोहगावचे मास्तर तुझे कोण? रपट्याजवळ पडले काल. सौसरच्या दवाखान्यात आहेत.” मी ज्या कपड्यात होतो त्याच कपड्यात बसमध्ये चढलो. मोहगावच्या अलीकडे नाल्यावर दगडी रपटा आहे, बुटका, बिनकठड्याचा पूल. त्याच्या दोन्ही बाजूंना उतार आणि पांढुर्ण्याकडचा उतार संपतो तिथे खड्डा. तिथे समोरचं चाक आपटलं. तेल दबत नाही, हवा दबते. नळीत तेलाच्या वर रिकामी जागा असावी लागते, तिथली हवा दबून धक्का खाते. मी जागाच ठेवली नव्हती. नळी लोखंडाच्या कांबीसारखी अडली, डाव्या बाजूचं तेल अडवणारं रबरी सील फाटलं, तेल उडून ब्रेकवर गेलं. भाऊजींनी ब्रेक दाबला, तो लागला नाही, आणि ते गाडीसकट रपट्याच्या दगडांवर गेले. पाय गुडघ्याखाली दोन जागी मोडला. हे मी आज दोन ओळीत सांगून राहिलो. त्या दिवशी मला यातलं काहीच कळत नव्हतं. एवढंच कळलं होतं की हे माझ्या हातानं झालं.

गाडी बैलगाडीत घालून आणली होती आणि दवाखान्याच्या भिंतीला उभी केली होती. आत जायच्या आधी मी तिच्याजवळ गेलो. डाव्या नळीवरून चाकापर्यंत तेलाचा ओघळ, त्याला माती चिकटलेली. व्हरांड्यात चार माणसं बोलत होती, “मास्तरनं पळवली असन. नवी नवी गाडी होती न.” मी वाकलो, शर्टाचं टोक धरलं आणि ओघळ पुसायला लागलो. नळी पुसली, ब्रेकचं झाकण पुसलं, चाकाच्या तारा पुसल्या. कोणी सांगितलं नव्हतं. हातच चालत होता.

मागून कौसाबाईचा आवाज आला. “काय पुसून राहिला?”

तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी म्हटलं, “धूळ.”

तिनं माझ्या शर्टाकडे पाहिलं. “धूळ इतकी काळी नसते मध्या.” मग आवाज न चढवता बोलली, “त्यायनं तुले पुस्तक वाचून दाखवतो म्हटलं होतं. मले सांगतलं त्यायनं. इथं सारा गाव म्हणून रायला का मास्तरनं गाडी पळवली, अन् ते चुपचाप आयकून घेऊन रायले. तू आपल्या तोंडानं त्यायले सांगत नाई, तोपर्यंत माह्या दारात येऊ नको.”

मी आत गेलो. भाऊजी पडून होते, तोंड सुकलेलं. मला पाहून म्हणाले, “आलास? मायला सांगू नको लगेच.” मी मान हलवली. जे सांगायचं होतं ते सोडून मी त्यांची चादर नीट केली. मी निघालो तेव्हा ते म्हणाले, “गाडी घेऊन जा पांढुर्ण्याला. तूच नीट कर. दुसऱ्याकडे देऊ नको.” यापेक्षा त्यांनी मला शिवी दिली असती तर मी बोललो असतो.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ट्रकमध्ये टाकून गाडी दुकानात आणली. माझ्या डोक्यात एकच होतं, की गाडी अशी नीट करायची की कोणाला काही सांगायची गरजच उरू नये. नवीन सीलं आणली. तेल अंदाजानं अर्ध्या मापाइतकं टाकलं, तर नळी तळाला खट् करून आपटली. पाऊण मापाइतकं टाकलं, तर एक नळी मऊ आणि एक कडक, कारण एका नळीत जुनं तेल राहिलं होतं आणि दुसरीत नव्हतं. चालवून पाहिली तर हँडल डावीकडे ओढायचं. पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. घाईत एक नवीन सीलही फाडलं. आणि प्रत्येक वेळी हँडल दाबताना मला वाटायचं, हे बरोबर आहे हे कोण सांगणार? मी तर त्या दिवशीही दाबून पाहिलं होतं, आणि मला ते छान लागलं होतं. माझ्याच हातावरचा माझा भरवसा गेला. हातावर पोट असलेल्या माणसाचं याहून काय जायचं असतं? भाऊजी पडले एवढं मायला कळलं होतं, कशानं ते नाही. घरी ती ताट वाढायची, तुरीचं वरण, तव्यावरची गरम भाकर, आणि मी भाकरीचे तुकडे करून ठेवून द्यायचो. “काय झालं रे, कोणाची नजर लागली का?” म्हणून तिनं माझ्यावरून मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. मिरचीचा ठसका घरभर झाला, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी भिंतीकडे तोंड करून बसून राहिलो. मी राखेनं घासून परत आणलेलं पितळेचं माप खुंटीला टांगलेलं होतं. मी तिकडे पाहत नव्हतो.

उस्ताद आले ते एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. बसायच्या आधीच त्यांनी भाऊजींची गाडी पाहिली, हँडलवर दोन्ही हात ठेवले, एकदा दाबलं, कान खाली नेला.

“खोलले तू.”

“हाव.”

“तेल किती टाकलं?”

“तुमी टाकता तेवढंच.”

“बाटली आण बरं.”

मी सांगितलं की बाटली फुटली. दुसरं काही सांगितलं नाही, पण उस्तादांना बाजारात सगळं कळलं असणार. मी म्हटलं, “तुमी किती तेल असते तेवढं सांगा. दुसरी चपटी आणतो मी.”

“आण न. रेघ कोठी होती ते आठवते तुले?”

मला आठवत नव्हतं. ते स्लीपरवर बसले. “मले तरी काय मालूम बे किती मावत होतं त्यात. माह्या उस्तादानं रेघ दाखवली, मी कानस मारली. माप त्या बाटलीत होतं, माह्या डोक्यात नाई. तू फोडली, आपल्या दोघायचंही गेलं.” ते पट्टीवरून बोट फिरवत म्हणाले, “पुस्तक मास्तरजवळ हाय. त्याले जाऊन इचार.”

“दुसरं कोणी सांगणार नाही काय?”

“सांगन. नागपूरले जाय. पण मग या दुकानात येऊ नको.”

एक दार कौसाबाईनं बंद केलं होतं, दुसरं आता हे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सीलं खिशात घातली, तेलाचा डबा मागे बांधला आणि तीच गाडी घेऊन निघालो. दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही. बैलगाडीवाले मला मागे टाकतात की काय अशी चाल होती. उतार आला तिथे इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि गाडी हातानं ढकलत रपटा ओलांडला. दगडावर घासल्याची पांढरी खूण अजून होती. तिथून परत फिरावं असं दोनदा वाटलं. पांढुर्ण्यात मला कोणी थांबवलं नसतं, एखादं हॉटेल, एखादी वखार, कुठेही पोट भरलं असतं. पण मग जन्मभर मी कोण झालो असतो, त्याचं उत्तर मला सापडत नव्हतं, म्हणून पुढे गेलो.

कौसाबाई दारात तांदूळ निवडत होती. उठली नाही. “काऊन आला?”

“सांगाले आलो.”

तिनं सूप बाजूला घेतलं. मी आत गेलो. भाऊजी ओसरीवर खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. मी उभ्याउभ्याच बोललो, बसलो असतो तर राहिलं असतं. “भाऊजी, तेल मी जास्त टाकलं. माप माह्याजवळ नव्हतं. दुधाच्या मापानं टाकलं. तुमी पडले ते माह्यामुळं. अन् दवाखान्यात मी ते तेल पुसून टाकलं, कोणाले दिसू नये म्हणून.”

त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं, “किती टाकलंस?”

“पाव लिटर. अन् वरचं.”

“वरचं म्हणजे?”

मी सांगितलं. दुधाचं, संत्र्याचं, सगळं. ते हसले नाहीत. “कौसल्या, फळीवरचं पुस्तक दे,” एवढंच म्हणाले. पुस्तक उघडून त्यांनी माझ्यासमोर धरलं. एका ओळीखाली पेन्सिलनं रेघ होती.

“ही केव्हा मारली?”

“गाडी घेतली त्या दिवशी.”

“म्हणजे दुकानात तुमाले मालूम होतं.”

“आकडा मालूम होता. तू किती टाकून राहिला ते कळत नव्हतं.” ते थांबले. “खरं सांगू? कळलं असतं तरी त्या दोघांसमोर मी बोललो असतो की नाही, मला सांगता येत नाही. तू मला पोरं शिकवायला सांगितलं होतंस. मलाही राग होता. त्या रागात आकडा न सांगता गाडी घेऊन निघायला नको होतं.”

पुढे त्यांचा तो पाय बोटभर आखूडच राहिला. शेवटपर्यंत राहिला. पण त्या बोलण्यानंतर त्यांनी त्याचा उल्लेख माझ्यासमोर कधी केला नाही.

अंगणात गोणपाट पसरून मी दोन्ही नळ्या खोलल्या. ते खाटेवरून एक ओळ वाचायचे, मी तेवढंच करायचो. पुस्तकात दोन आकडे होते. नुसतं तेल बदललं तर एक, सगळं खोलून पुसून भरलं तर दुसरा, थोडा जास्त, कारण जुनं तेल आत काहीच उरत नाही. मला तीन वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नव्हतं. शाळेच्या कपाटातलं काचेचं मोजपात्र त्यांनी मागवून घेतलं. मी तेल ओतत गेलो, खुणेला आलं, आणि माझं मनगट आपोआप पुन्हा कललं.

“खाली ठेव,” भाऊजी म्हणाले.

मी डबा खाली ठेवला. नळी भरली, दुसरी भरली, बुचं कसली, चाक चढवलं. गाडी खाटेजवळ नेली. भाऊजींनी पडल्या पडल्या एका हातानं हँडल दाबलं. ते खाली गेलं, सावकाश वर आलं आणि थांबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. ते “हं” म्हणाले.

मला वाटलं, झालं. ते म्हणाले, “आता कौसल्याला मागं बसव आणि रपट्याच्या पलीकडे जाऊन ये.”

मी म्हटलं, “नाई भाऊजी. आधी मी एकटा पाहून येतो.”

“एकट्यासाठी नाही घेतली मी गाडी.”

“मले भेव लागून राहिलं.”

“लागू दे,” भाऊजी म्हणाले. “त्या दिवशी लागलं नव्हतं.”

कौसाबाईनं हात धुतले, पदर खोचला आणि काही न बोलता येऊन मागे बसली. किक पहिल्या वेळी लागली नाही, दुसऱ्या वेळी लागली. गावातून बाहेर पडेपर्यंत मी खड्डे चुकवत होतो. पुढे उतार लागला, खाली रपटा दिसला, आणि मी गाडी उभी केली. दोन्ही पाय जमिनीवर टेकले. हात शर्टाला पुसले.

ती मागून म्हणाली, “थांबला काऊन? चाल न.”